तंत्रिका–स्नायू जोडणी व मण्यारीचे विष : संशोधनाचा इतिहास

तंत्रिका (मज्जातंतू) आणि स्नायुतंतू ज्या ठिकाणी एकमेकांच्या अगदी निकट येतात व जेथे तंत्रिकेतून आलेला आवेग स्नायूकडे पोहोचविला जातो, त्या स्थानास तंत्रिका–स्नायू जोडणी म्हणतात. चालणे, बोलणे, गिळणे, पापणी उचलणे व श्वास घेणे या सर्व ऐच्छिक स्नायूंच्या क्रिया या जोडण्यांवर अवलंबून असतात. गर्भावस्थेत या जोडण्या कशा निर्माण होतात, त्यांची जागा कशी निश्चित होते व त्या नष्ट झाल्यास पुन्हा कशा तयार होतात, या प्रश्नांचा अभ्यास शरीरक्रियाविज्ञानात सु. दीडशे वर्षे चालू आहे. या अभ्यासात सर्पविषांचा, विशेषतः मण्यारीच्या जातीतील सापांच्या विषाचा, वाटा फार मोठा आहे. मण्यारीचा दंश झालेल्या रोग्याच्या शरीरात या जोडण्या मोठ्या प्रमाणावर नाश पावतात व रोगी जगल्यास त्या नव्याने उभ्या राहतात. त्यामुळे हा विषय प्रयोगशाळेइतकाच ग्रामीण रुग्णालयाचाही आहे.

डहाणू व तलासरी : पालघर जिल्ह्याच्या (स्थापना १ ऑगस्ट २०१४, तत्पूर्वी हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात होता) उत्तर टोकास, गुजरातच्या सीमेलगत डहाणू व तलासरी हे तालुके आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारा व चिकूच्या बागा, पूर्वेस टेकड्या व जंगल आणि मधल्या भागात भातशेती अशी या प्रदेशाची सर्वसाधारण रचना आहे. लोकवस्तीत वारली, कोकणा इ. आदिवासी जमातींचे प्रमाण मोठे आहे. कारवीच्या कुडांची, शेणामातीने लिंपलेली घरे, घरातच केलेली भाताची साठवण, तिच्यामुळे येणारे उंदीर आणि जमिनीवर झोपण्याची रीत यांमुळे माणूस व साप यांची गाठ पडण्याचे प्रसंग पावसाळ्यात वारंवार येतात. शेतावर रात्री राखण करणारे व वीटभट्ट्यांवर उघड्यावर राहणारे मजूर यांनाही हा धोका असतो.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे भारतातील वैद्यकीय दृष्ट्या महत्त्वाचे चार विषारी साप होत. त्यांपैकी मण्यार ही निशाचर आहे. तिचे विषदंत आखूड असल्यामुळे दंशाची खूण पुष्कळदा दिसतही नाही, वेदना व सूज जवळजवळ नसते आणि झोपेत दंश झालेल्या माणसास तो कळतोच असे नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, दोन-दोन दिसणे, गिळता न येणे व पुढे श्वासोच्छ्वासास अडथळा येणे, या क्रमाने लक्षणे प्रकट होतात. रोगी बहुधा शुद्धीवर असतो. हात हलविता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत, परंतु जवळच्या माणसांचे बोलणे ऐकू येते. अशा रोग्यास मृत समजले जाण्याचा धोका असतो. मेंदू व स्नायू दोन्ही शाबूत असता शरीर असे निश्चल का होते, याचे उत्तर त्या दोहोंमधील जोडणीच्या इतिहासात सापडते.

प्रारंभीचे संशोधन : दक्षिण अमेरिकेतील आदिवासी शिकारीसाठी बाणांना ‘कुरारे’ नावाचे वनस्पतिजन्य विष लावीत. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लॉद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून असे दाखविले की, या विषाचा परिणाम झाल्यावर तंत्रिकेस उद्दीपन दिले तरी स्नायू आकुंचन पावत नाही. मात्र स्नायूसच थेट उद्दीपन दिल्यास तो आकुंचन पावतो. यावरून तंत्रिका व स्नायू यांच्यामध्ये स्वतंत्र असे एक स्थान असले पाहिजे व विष तेथेच काम करते, ही कल्पना पुढे आली. १८६० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतील व्हिल्हेल्म क्यूने व व्हिल्हेल्म क्राउझे यांनी सूक्ष्मदर्शकाखाली या स्थानाचे वर्णन केले.

याच सुमारास भारतातील सर्पविषांचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला होता. कलकत्त्यास शल्यचिकित्सेचे प्राध्यापक असलेल्या जोसेफ फेअरर यांचा भारतातील विषारी सापांवरील सचित्र ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर लॉडर ब्रंटन यांच्या सहकार्याने त्यांनी नागाच्या विषावर प्रयोग केले व त्या विषाने येणाऱ्या पक्षाघाताचे कुरारेच्या परिणामाशी असलेले साम्य निदर्शनास आणले. केंब्रिज येथील जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी १९०५ मध्ये स्नायूच्या पृष्ठावर रासायनिक द्रव्य स्वीकारणारा एक विशिष्ट पदार्थ असला पाहिजे, असे प्रतिपादन केले. आज ज्यास ‘ग्राही’ म्हणतात त्या संकल्पनेचा हा उगम होय.

तंत्रिकातंतूची वाढ : स्नायूपर्यंत पोहोचणारा तंतू मुळात येतो कोठून, याविषयी त्या काळी एकमत नव्हते. अनेक कोशिका (पेशी) साखळीसारख्या जोडल्या जाऊन तंत्रिकातंतू बनतो, असे काहींचे मत होते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या अभ्यासावरून १८९० मध्ये वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेल्या रुंद व चंचल भागाचे (‘वाढशंकू’चे) वर्णन केले. हा तंतू एकाच तंत्रिका कोशिकेपासून निघतो व टोकाकडून वाढत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याचा प्रत्यक्ष पुरावा अमेरिकेतील रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये दिला. बेडकाच्या भ्रूणातील तंत्रिका ऊतकाचा तुकडा लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवून त्यातून बाहेर पडणारा तंतू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली वाढताना पाहिला. शरीराबाहेर ऊतके वाढविण्याच्या तंत्राचाही हा प्रारंभ समजला जातो.

मेरुरज्जूतील प्रेरक कोशिकेपासून निघालेला अक्षतंतू भ्रूणातील हात, पाय, मध्यपटल इ. ठिकाणी बनत असलेल्या स्नायूंकडे याच रीतीने वाढत जातो. तेथे पोहोचल्यावर त्याच्या शाखा होतात व प्रत्येक शाखेचे टोक एकेका स्नायुतंतूवर स्थिरावते. या टोकास पुढे ‘तंत्रिकाग्र’ असे म्हटले आहे.

रासायनिक संदेश : सर हेन्री डेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३६ मध्ये, ऐच्छिक स्नायूंस जाणाऱ्या तंत्रिका उद्दीपित केल्यावर तंत्रिकाग्रातून ॲसिटिलकोलीन हे द्रव्य बाहेर पडते, असे सिद्ध केले. १९५० नंतरच्या दशकात लंडन येथे बर्नार्ड कॅट्झ यांनी पॉल फॅट व होसे देल कास्तिल्यो यांच्यासमवेत केलेल्या विद्युत् मापनांवरून हे द्रव्य ठराविक मापाच्या पुड्यांच्या स्वरूपात सुटते, हे स्पष्ट झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिल्यावर तंत्रिकाग्रात असंख्य सूक्ष्म पुटिका (पिशव्या) आढळल्या व मापनांतून सूचित झालेल्या पुड्या त्याच असाव्यात, असा अर्थ लावण्यात आला. तंत्रिकाग्र व स्नायू यांमध्ये मिलिमीटरच्या सु. वीस हजाराव्या भागाइतकी फट असते, हेही याच उपकरणामुळे दिसले. आवेग आला की पुटिका फुटून ॲसिटिलकोलीन या फटीत येते, पलीकडील ग्राहींना चिकटते व स्नायू आकुंचन पावतो. कॅट्झ यांना या कार्याबद्दल १९७० मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान संयुक्तपणे मिळाला.

मण्यारीच्या विषाचे कार्य : तैवानमधील तैपेई येथे चांग च्वान-च्यूंग व ली चेन-युआन यांनी १९६३ मध्ये त्या प्रदेशातील बहुपट्टी मण्यारीच्या विषाचे घटक वेगळे केले. ही मण्यार भारतातील सामान्य मण्यारीच्याच प्रजातीतील (वंशातील) होय. विषातील एक घटक (आल्फा-बुंगारोटॉक्सिन) स्नायूवरील ग्राहींना जवळजवळ कायमचा चिकटतो, तर दुसरा (बीटा-बुंगारोटॉक्सिन) तंत्रिकाग्रावर आघात करतो, असे त्यांना आढळले. एकाच विषात जोडणीच्या दोन्ही बाजूंवर काम करणारी द्रव्ये असल्याचे यामुळे उघड झाले.

पहिल्या घटकाचा शास्त्रज्ञांना मोठाच उपयोग झाला. ग्राहींचे रेणू अत्यंत विरळ असल्याने ते इतर प्रथिनांतून वेगळे काढणे तोवर जमले नव्हते. १९७० मध्ये पॅरिस येथील झां-प्येर शांझो यांनी ली यांच्या साहाय्याने विद्युत् ईल या माशाच्या विद्युत् निर्माण करणाऱ्या अवयवातील ग्राही या विषद्रव्याच्या आधारे ओळखले. पुढे या द्रव्यास किरणोत्सर्गी किंवा प्रकाशमान खूण जोडून स्नायूवरील ग्राही मोजणे व प्रत्यक्ष पाहणे शक्य झाले. प्रौढ स्नायूत तंत्रिकाग्रासमोर दर चौरस मायक्रोमीटरला सु. १०,००० ग्राही असतात व तेथून थोड्याच अंतरावर त्यांची संख्या अत्यल्प होते, असे दिसून आले. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायुदौर्बल्याच्या रोगात ग्राहींची संख्या घटलेली असते, हेही १९७३ मध्ये याच पद्धतीने समजले.

जोडणीचा विकास : भ्रूणातील स्नायुतंतूवर ग्राही सर्वत्र पसरलेले असतात, तर जन्मानंतर ते एकाच ठिकाणी दाटीने आढळतात. हा बदल कसा होतो, हा विकासाच्या अभ्यासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला. तंत्रिका तोडलेल्या प्रौढ स्नायूत ग्राही पुन्हा सर्वत्र पसरतात, हे १९५९ च्या सुमारास ज्ञात झाले होते. म्हणजे तंत्रिकेचा सहवास हे ग्राहींच्या वाटपाचे एक कारण होते.

अमेरिकेतील मॅकमहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात बेडकावर केलेले प्रयोग या संदर्भात महत्त्वाचे आहेत. त्यांनी स्नायुतंतू व त्यांच्या तंत्रिका या दोहोंस इजा केली. स्नायुतंतूभोवतीचे प्रथिनांचे पातळ आवरण (आधारपटल) तेवढे शिल्लक राहिले. स्नायू पुन्हा वाढू न देताही परत आलेले अक्षतंतू या रिकाम्या आवरणावरील आपल्या जुन्या जागीच येऊन थांबले. उलट, तंत्रिका परत येऊ न देता स्नायू वाढू दिला असता त्यावरील ग्राही आवरणाच्या जुन्या जागेखालीच गोळा झाले. जोडणीच्या जागेची खूण आवरणात जतन झालेली असते, असा याचा अर्थ होता. ही खूण बाळगणारे प्रथिन त्यांनी विद्युत्-मत्स्याच्या ऊतकातून वेगळे केले व त्यास १९८७ मध्ये ‘अग्रिन’ हे नाव दिले. ‘गोळा करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून ते घेतले आहे.

अक्षतंतूच्या टोकातून अग्रिन स्रवते. स्नायूच्या पृष्ठावरील ‘एलआरपी-४’ हे प्रथिन ते स्वीकारते व ‘मस्क’ या दुसऱ्या प्रथिनास कार्यान्वित करते. त्यायोगे ‘रॅप्सिन’ नावाच्या आतील प्रथिनाच्या साहाय्याने ग्राही एकत्र बांधले जातात. ही शृंखला १९९५ ते २००८ या काळात टप्प्याटप्प्याने उलगडली. अग्रिन किंवा मस्क यांचा अभाव असलेले उंदीर १९९६ मध्ये निर्माण करण्यात आले. ते जन्मतःच श्वास घेऊ न शकल्याने मरण पावले. २००१ मध्ये असेही आढळले की, तंत्रिका येण्यापूर्वीच स्नायुतंतूच्या मध्यभागी ग्राही थोडेफार गोळा होऊ लागतात. जोडणीची जागा ठरविण्यात तंत्रिका व स्नायू दोघांचाही भाग असतो, असे आता मानले जाते.

पुढील टप्पे दोन आहेत. ग्राहींची रचना बदलते : गर्भावस्थेतील ग्राहीचा एक घटक (गॅमा) जाऊन त्या जागी दुसरा (एप्सायलॉन) येतो व ग्राहीची क्रिया अधिक जलद होते. दुसरा टप्पा शाखांच्या छाटणीचा होय. नवजात उंदराच्या प्रत्येक स्नायुतंतूवर अनेक अक्षतंतूंच्या शाखा एकाच जागी येऊन बसलेल्या असतात. साधारणपणे दोन आठवड्यांत त्यांपैकी एकच शिल्लक राहते व इतर मागे हटतात. कोणती शाखा टिकावी हे तिच्या कार्यक्षमतेवर ठरते. १९९४ मध्ये एका प्रयोगात आल्फा-बुंगारोटॉक्सिन वापरून जोडणीच्या लहानशा भागातील ग्राही बंद केले असता त्या भागावरील तंत्रिकाग्र कालांतराने मागे हटले; सगळीच जोडणी बंद केली असता मात्र असे घडले नाही. शेजारचा भाग कार्यरत असताना निष्क्रिय राहिलेला भाग टिकत नाही, असा निष्कर्ष त्यावरून निघाला.

जोडणीची पुनर्घडण : सामान्य मण्यारीच्या विषातही बीटा-बुंगारोटॉक्सिनच्या जातीची द्रव्ये असतात. त्यांच्या परिणामाचा तपशील इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. विष दिल्यावर काही तासांतच तंत्रिकाग्रातील पुटिका नाहीशा होतात व पुढे तंत्रिकाग्रच नष्ट होते. चोवीस तासांत सु. ७० टक्के स्नायुतंतू तंत्रिकाविहीन झाले होते. तीन ते पाच दिवसांनी अक्षतंतूंच्या नव्या शाखा स्नायूकडे येऊ लागल्या व एकवीस दिवसांच्या सुमारास जोडण्या बहुतांशी पूर्ववत झाल्या. तथापि एका स्नायुतंतूवर एकाहून अधिक शाखा असण्याची नवजात अवस्थेसारखी स्थिती काही ठिकाणी नऊ महिन्यांनंतरही आढळली. गर्भावस्थेत एकदा घडलेली प्रक्रिया येथे प्रौढ शरीरात पुन्हा घडत असते. स्नायुतंतू व त्याचे आवरण शाबूत राहिल्यामुळे परतणाऱ्या तंतूस आपली जागा सापडते.

उपचारांशी संबंध : वरील ज्ञानावरून मण्यारीच्या दंशावरील उपचारांची मर्यादा व शक्यता दोन्ही स्पष्ट होतात. नागाच्या विषाचा भर स्नायूवरील ग्राही अडविण्यावर असतो. त्यामुळे फटीतील ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मीन या औषधाचा नागदंशात पुष्कळदा गुण येतो. मण्यारीच्या दंशात ॲसिटिलकोलीन सोडणारे तंत्रिकाग्रच निकामी होत असल्याने या औषधाचा उपयोग सामान्यतः होत नाही. घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविष (सर्पदंशाची लस) रक्तात फिरणाऱ्या विषास निष्प्रभ करते; पण नष्ट झालेले तंत्रिकाग्र ते परत आणू शकत नाही. म्हणून प्रतिविष जितके लवकर मिळेल तितका उपयोग अधिक. मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेने (१९२५ पासून या नावाने प्रसिद्ध) प्रतिविषाच्या निर्मितीचे कार्य महाराष्ट्रात दीर्घकाळ केले आहे.

लस उशिरा मिळाली तरी रोग्याची आशा सोडण्याचे कारण नसते. श्वासाचे स्नायू थांबले असता कृत्रिम श्वसनयंत्राने श्वास चालू ठेवल्यास, तंत्रिकाग्रे पुन्हा वाढेपर्यंत रोगी तग धरू शकतो व बहुधा पूर्ण बरा होतो. हा काळ काही दिवसांचा, क्वचित काही आठवड्यांचा असतो. यंत्र उपलब्ध होईपर्यंत पिशवी-मुखवट्याच्या साध्या साधनाने हाताने श्वास देत राहणे हाही प्राण वाचविणारा उपाय होय. पापणी न उचलणाऱ्या रोग्यास मृत ठरविण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे असते.

डहाणूतील अभ्यास व सद्यःस्थिती : भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सु. १२ लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० मृत्यू झाले, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देण्यात आला. त्यांपैकी बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्ण कटिबंधीय रोगांच्या यादीत केला.

डहाणू येथील आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली चालते. या केंद्राशी संबंधित संशोधकांनी डहाणू तालुक्यातील आदिवासी समाज व आरोग्य कर्मचारी यांच्या सर्पदंशविषयक समजुतींचा अभ्यास केला; तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विषारी व बिनविषारी साप ओळखण्याचे ज्ञान अपुरे असणे, चिंचोक्यांनी किंवा लोहचुंबकाने विष उतरते अशी समजूत असणे आणि दंशानंतर प्रथम भगताकडे जाणे, या गोष्टी त्यात नोंदल्या गेल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची गरजही त्यातून पुढे आली.

भगतावरील श्रद्धेस अनुभवाचाही आधार असतो. पुष्कळ साप बिनविषारी असतात व विषारी सापही प्रत्येक दंशात पुरेसे विष सोडतो असे नाही. अशा प्रसंगी रोगी आपोआप बरा होतो व श्रेय मंत्रास मिळते. मण्यारीच्या दंशात मात्र सुरुवातीच्या तासांत रोग्याची प्रकृती ठीक दिसते व तेवढ्याच वेळात तंत्रिकाग्रांचा नाश चालू असतो. त्या तासांत रोगी रुग्णालयात पोहोचणे निर्णायक ठरते. दुर्गम पाड्यांपासून मोठ्या रस्त्यापर्यंतचे अंतर, रात्रीची वेळ व पावसाळ्यातील ओढे यांमुळे हा प्रवास लांबतो. तलासरीच्या लोकांस सीमेपलीकडील वापी, वलसाड व सिल्व्हासा ही शहरे जवळची आहेत. त्यामुळे उपचारांची सोय, वाहन व पूर्वसूचना यांचा विचार एका राज्यापुरता करून भागत नाही. भगतांनाच विश्वासात घेऊन त्यांनी रोग्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे, हा मार्ग अधिक फलदायी ठरण्याजोगा आहे.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व भारत सरकारने मार्च २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात जाहीर केले आहे. त्यासाठी लागणाऱ्या ज्ञानापैकी बराच भाग मण्यारीच्याच विषाने मिळवून दिलेला आहे. जोडणी पुन्हा घडविण्याची शक्ती शरीरापाशी असते. तिला अवसर मिळावा म्हणून वेळेवर प्रतिविष व जोडणी उभी राहीपर्यंत श्वासाचा आधार, या दोन गोष्टी तालुक्याच्या ठिकाणी उपलब्ध असणे आवश्यक आहे.